मदत हवी आहे: डावखुऱ्या, लहान हाताला बसेल अशी सुरी कशी निवडावी?

नमस्कार मंडळी,

एक चांगली सुरी घ्यायची आहे आणि महिनाभर नुसती वाचतेच आहे. "सर्वोत्तम सुऱ्या" अशा याद्या ढिगाने सापडतात, पण त्या कुणाच्या हाताला सर्वोत्तम, हे काही कुणी लिहीत नाही. म्हणून इथे विचारते.

मी डावखुरी आहे. हात लहान, मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जेमतेम १६ सेंटीमीटर. रोज तासभर तरी चिराचिरी असते, बहुतेक भाज्यांचीच. सध्या भेट मिळालेली जर्मन धाटणीची, २० सेंटीमीटर पात्याची शेफ्स नाइफ वापरते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं तर २६० ग्रॅम भरलं. दहा मिनिटांत अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं आणि तर्जनीच्या बुडाशी घट्टा पडलाय. मग हात आपोआप फळं सोलायच्या छोट्या सुरीकडे जातो. मागच्या आठवड्यात तिनेच कोबी चिरत होते, सुरी घसरली आणि नखावर आली. थोडक्यात वाचले, पण तेव्हापासून मनात भीती बसली आहे.

जपानी धाटणीच्या सुऱ्यांपैकी सांतोकू घेऊ की नाकिरी? कार्बन स्टीलचं खूप कौतुक ऐकते, ते मला झेपेल का? आणि डावखुऱ्यांसाठी खरंच वेगळी सुरी लागते का?

प्रतिसाद १

नवीन सुरी घेण्याआधी तीन गोष्टी सांगाल का? सुरी धरता कशी, धार शेवटची कधी लावली, आणि फळी किती उंचीवर असते?

विचारण्याचं कारण असं की बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि तो सगळा अंगठ्यावर येतो. टोमॅटोवर सुरी नुसती टेकवून हलकेच ओढा. साल धरली नाही तर धार गेलेली आहे. धारेच्या सळईने हे काम होत नाही, हेही सांगून ठेवतो. सळई वाकलेली धार सरळ करते, झिजलेली धार परत आणत नाही. त्यासाठी दगडच हवा. घरगुती सुरीला १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा) पुरतो.

पकडीचं म्हणाल तर मूठ पूर्ण वळून धरू नका. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पात्याचं बूड धरा, उरलेली तीन बोटं मुठीभोवती. सुरीचा तोल साधारण तिथेच असतो, त्यामुळे तीच सुरी हलकी वाटते. फळी कोपरापेक्षा ८-१० सेंटीमीटर खाली असली की खांदा वर उचलावा लागत नाही. एवढं करूनही दुखणं राहिलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा, सुरीवर ढकलू नका.

धागाकर्ती

धार? दोन वर्षांत फक्त सळई फिरवली आहे! टोमॅटोची साल अजिबात धरली नाही. आणि मी पूर्ण मूठ वळूनच धरते. आता चिमटीत धरून पाहिली, हलकी वाटते हे खरं, पण पात्याची पाठ तर्जनीला काचते.

प्रतिसाद २

मीही डावखुरी, म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. दोन्ही बाजूंनी सारखी घासलेली सुरी कुठल्याही हाताला चालते आणि बहुतेक शेफ्स नाइफ तशाच असतात. सांभाळायचं ते जपानी सुऱ्यांत. काहींना एकाच बाजूने धार असते, ती उजव्या हातासाठी. डाव्या हातात तिचा काप सरळ खाली न जाता बाजूला सरकतो. काही सुऱ्यांना दोन्ही बाजूंनी धार असली तरी एका बाजूला जास्त घासलेलं असतं, तेव्हा विचारूनच घ्या. मूठही बघा. इंग्रजी डी अक्षरासारखी असेल तर तिचा उंचवटा उजव्या हाताच्या बोटांसाठी असतो. अंडाकृती किंवा अष्टकोनी मूठ दोन्ही हातांना चालते.

ब्रेड कापायच्या करवती सुरीचे दातेसुद्धा बऱ्याचदा एकाच बाजूने घासलेले असतात. माझ्या स्लाइस वर्षानुवर्षं तिरप्या जायच्या आणि घरचे मला नीट कापायला शिकवत राहायचे. दोष माझ्या हाताचा नव्हताच.

पाठ काचते त्यावर उपाय सोपा आहे. पातं फडक्यात गुंडाळून धारेची बाजू झाका आणि पाठीच्या कडा बारीक पॉलिश पेपरने गोलसर करा.

प्रतिसाद ३

नाकिरी भाजीला फार सुंदर, पण तिला टोक नसतं. टोमॅटोचा देठ काढणं, कांद्याला आडवे काप देणं टोकाशिवाय अडतं. एकच सुरी घेणार असाल तर सांतोकू. पातं १६-१८ सेंटीमीटर, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपासचं मिळतं. फक्त तिची धार बरीच सपाट असते, म्हणून टोक टेकवून झुलवत चिरायची सवय असेल तर अडखळाल. पुढे ढकलत खाली न्यायची.

कार्बन स्टीलला धार छान आणि पटकन लागते, पण ओली राहिली की गंज. कांदा-लिंबू चिरताना मधेमधे पुसावी लागते. घरात दुसरं कुणी सुरी सिंकमध्ये टाकून जात असेल तर स्टेनलेसच घ्या. आणि जपानी पोलाद जास्त कडक असतं, साधारण ६० रॉकवेल (कडकपणा मोजायचं माप). जर्मन ५६ ते ५८. कडक असल्यामुळे धार टिकते, पण लाल भोपळ्यात अडकवून पिळलंत तर टवका उडतो. काचेची फळी कुठल्याच सुरीला नको.

धागाकर्ती, १० दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. दगड आणला. पहिल्या दोन वेळा कोन सारखा बदलत होता, तिसऱ्यांदा जमलं. त्याच जुन्या सुरीने टोमॅटो आपोआप कापला जाताना बघून डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कांद्यामुळे नव्हतं. पाठ घासून घेतली, काचणं थांबलं. दुखणं निम्म्याहून कमी आहे, पण अर्ध्या तासानंतर वजन जाणवतंच.

मैत्रिणीची सांतोकू एक दुपार वापरून पाहिली. मनगट अजिबात भरून आलं नाही. पण पात्याची उंची (पाठीपासून धारेपर्यंतची) कमी होती, मूठ धरलेली बोटं फळीवर आपटत होती. हे मला कुठल्याच यादीत वाचायला मिळालं नव्हतं. आता उंची किमान ४५ मिलिमीटर हवी असं ठरवलंय.

तर सांतोकू, स्टेनलेस, दोन्ही बाजूंनी सारखी धार. भोपळ्यासाठी जुनी जर्मन आहेच. अडलंय ते मुठीपाशी. अष्टकोनी लाकडी मुठीत बारीक आणि जाड असे दोन प्रकार दिसले. बारीक मुठीत बोटं तळहाताला टेकतात, जाड मुठीत टेकत नाहीत. लहान हाताच्या कुणी यातली एखादी वर्षभर वापरली असेल तर ओल्या हातात पकड कशी राहते, ते कृपया सांगा.