कॉन्सर्टमास्टरची खुर्ची एकलवादनापेक्षा दुय्यम आहे का?

धागाकर्ता
वाद्यवृंदातला कॉन्सर्टमास्टर (पहिल्या खुर्चीवर बसणारा, व्हायोलिन विभागाचा प्रमुख वादक) म्हणजे एकलवादक होता न आलेला व्हायोलिनवादक, हा समज मला अन्यायाचा वाटतो. संगीतकार मेंडेल्सझोन यांनी आपला ई मायनर व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) लाइपझिगच्या गेवान्डहाउस वाद्यवृंदाचे कॉन्सर्टमास्टर फर्डिनांड डेव्हिड यांच्याशी सल्लामसलत करत रचला आणि १८४५ मध्ये त्याचे पहिले वादनही डेव्हिड यांनीच केले. व्हिएन्नात १८८१ पासून पहिल्या खुर्चीवर बसणाऱ्या आर्नोल्ड रोझे यांनी त्याच्या जोडीने स्वतःचे क्वार्टेटही (चार वादकांचा संच) चालवले.

एकतंत्री
असहमत. ही दोन्ही नावे या खुर्चीबाहेरच्या कामामुळेही मोठी आहेत. रोजच्या कामात लय आणि अर्थ कंडक्टर ठरवतो, आणि इतर व्हायोलिनांत मिसळून जाईल असा आवाज वर्षानुवर्षे काढल्यावर, सबंध वाद्यवृंदावरून पार जाणारा एकलवादकाचा स्वर टिकवणे फार कठीण होते. शिवाय कार्यक्रम सतत बदलत असल्याने एखादा कॉन्चेर्टो मुरायला वेळच उरत नाही.

गजरेषा
वेळेचा मुद्दा मान्य आहे, पण अर्थ एकटा कंडक्टर ठरवतो हे मान्य नाही. दीर्घ स्वरावलीत गज कुठे पालटायचा, टोकाने वाजवायचे की मुठीजवळ, हे बहुधा कॉन्सर्टमास्टर लिहून देतो, आणि वाक्याचा श्वास तिथेच ठरतो. पाहुणा कंडक्टर निघून जातो, पण त्या विभागाची वाजवण्याची सवय मागे राहते आणि ती कॉन्सर्टमास्टरनेच घडवलेली असते. स्वराचे म्हणाल तर रिखार्ड स्ट्राउसच्या 'आइन हेल्डनलेबन' या वाद्यवृंदासाठीच्या रचनेत समूहात मिसळलेल्या त्याच वादकाला क्षणात एका लहरी स्त्रीची व्यक्तिरेखा एकट्याने उभी करावी लागते, आणि संगीतकार मालरच्या चौथ्या सिम्फनीत सर्व तारा एक पूर्ण स्वर चढवलेले दुसरे व्हायोलिनही हाताळावे लागते. ही क्षमता दुय्यम कशी?

एकतंत्री
क्षमतेबद्दल माझा वाद नाही, मुद्दा स्वायत्ततेचा आहे. ५७ वर्षे दिल्यानंतर, १९३८ मध्ये ऑस्ट्रियात नाझी सत्ता येताच, रोझे यांना ज्यू म्हणून वाद्यवृंदातून बाहेर काढण्यात आले. एकलवादकाचे नाव निदान त्याच्यासोबत जाते.

धागाकर्ता
तो एका राजवटीचा गुन्हा होता, आणि त्या राजवटीने ज्यू एकलवादकांनाही व्यासपीठ नाकारले. त्या काळचे श्रेष्ठ एकलवादक ब्रोनिस्लाव हुबरमान यांनी आपले नाव आणि मैफली पणाला लावून १९३६ मध्ये काय उभारले, तर नोकऱ्या गमावलेल्या ज्यू वादकांसाठी पॅलेस्टाइनमध्ये एक वाद्यवृंद. समूहातले वादन त्यांना दुय्यम वाटत असते, तर त्यांनी ही यातायात केली नसती.