मदत करणाऱ्या चर्चची फेरी

सुट्टीवर मायदेशी आलेला मिशनरी गाडी काढून चर्चमागून चर्च हिंडतो ही देणगीदारांच्या पैशांवरची सहलच, हे तुमचं म्हणणं पटलं नाही. जिथे मिशनऱ्याला आपला खर्च स्वतः उभा करावा लागतो, तिथे एकेका चर्चचा वाटा छोटा असतो. म्हणून चर्च बरीच, आणि तीही लांब लांब. रविवारी सकाळी एकीकडे, संध्याकाळी दुसरीकडे. तेच फोटो, तेच प्रश्न, मुक्काम परक्या घरात. मागच्या सीटवरच्या मुलांना विचारा सहल कशी चाललीय ते!

दुसरी पद्धतही आहे. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांनी (हा एक प्रोटेस्टंट पंथ) १९२५ मध्ये सगळ्या चर्चच्या देणग्या एकत्र करणारा सामायिक निधी सुरू केला, त्यामुळे त्यांच्या मिशनऱ्यांना दारोदार जावं लागत नाही. आणि इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी (१८०५चं मराठी व्याकरण यांचंच) १७९३ मध्ये भारतात आले ते परतलेच नाहीत; त्यांच्यासाठी पैसे जमवायला इंग्लंड-स्कॉटलंड पालथं घातलं ते त्यांना पाठवणाऱ्या मिशनरी संस्थेचे सचिव अँड्र्यू फुलर यांनी.

सामायिक निधीत दगदग वाचते, पण देणाऱ्याला समोरासमोर हिशेब विचारता येत नाही. मला तो विचारणं जास्त मोलाचं वाटतं. इंधनाचा खर्च मात्र बोलावणाऱ्या चर्चने वेगळा द्यावा.