मदत हवी आहे: परवाना लागत नसताना एलटीसी (लायसन्स टू कॅरी, पिस्तूल जवळ बाळगायचा राज्याचा परवाना) काढावं का?

किनारा
जरा लवकर सांगा, शनिवारच्या क्लासची सीट आज रात्रीपर्यंतच धरून ठेवलीय. पिस्तूल माझं स्वतःचं आहे, दुकानातून रीतसर घेतलेलं. आता इथे परवान्याशिवायही जवळ बाळगता येतं. माझं काम घरं दाखवण्याचं, रिकाम्या घरात अनोळखी गिऱ्हाइकाबरोबर एकटी असते. नवरा म्हणतो, जे बिनपरवाना चालतं त्यासाठी फी, क्लास, बोटांचे ठसे कशाला? मैत्रीण म्हणते काढच. नेमका फायदा काय? बंदूक ठेवावी की नाही यावर चर्चा नको, ते ठरलंय.

पेकन
इथे म्हणजे कुठे? प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे.

अण्णा_केटी
एलटीसी म्हणतायत म्हणजे टेक्सास. १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, बंदूक बाळगायला कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला परवाना लागत नाही. तरी माझं मत काढा असंच. फी ४० डॉलर, पूर्वी १४० होती. क्लास चार ते सहा तासांचा. नेमबाजीची परीक्षा रेंजवर: ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्या, २५० पैकी १७५ गुण पुरतात.

मोकळा_श्वास
अण्णा, फी किती हे त्यांनी विचारलंच नाही. ज्याला परवाना लागत नाही त्यासाठी सरकारकडे जाऊन ठसे द्यायचे हे मला पटत नाही. मी काढला नाही, कधी काही अडलं नाही. त्यापेक्षा मिरपुडीचा स्प्रे ठेवा आणि नव्या गिऱ्हाइकाला आधी ऑफिसात बोलावून ओळखपत्र बघा.

सई_के
गिऱ्हाइकाला आधी ऑफिसात बोलवा, हे शंभर टक्के बरोबर. बाकीचं नाही. किनाराताई, तुम्ही घरं दाखवता ना? नव्या वसाहतींत प्राथमिक शाळा मधोमध असते. शाळेच्या हद्दीपासून १००० फुटांत बंदूक नेणं हा केंद्राचा गुन्हा आहे. खासगी जागेत सूट आहे, पण त्या घरापर्यंत जाणारा रस्ता सार्वजनिक. ती शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याचा परवाना असेल तर रस्त्यावरही सूट मिळते. बिनपरवाना असाल तर पिस्तूल रिकामं करून कुलूपबंद पेटीत न्यावं लागतं, म्हणजे ऐन वेळी उपयोग शून्य. तुमच्यासाठी हा सगळ्यात मोठा फायदा.

मोकळा_श्वास
तो कायदा सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच रद्द केला. खटला आपल्या टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या शाळेचाच होता.

सई_के
रद्द केला, आणि १९९६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दुरुस्त करून परत आणला. आज लागू आहे. अर्धी माहिती देऊन एखाद्या बाईला अडकवू नका.

पेकन
ताई, स्टेटस काय तुमचं? सिटिझन, ग्रीन कार्ड की व्हिसा? आणि घरात आणखी कोण असतं?

किनारा
ग्रीन कार्ड. त्याचा काय संबंध? घरात आम्ही दोघं, आणि दीर एच-वन-बीवर आलेत. कधी कधी माझी गाडी तेच नेतात.

पेकन
अहो, हे पहिल्याच ओळीत हवं होतं! दोन गोष्टी. एक, ग्रीन कार्डवाल्याला बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर ते हद्दपारीचं कारण ठरू शकतं. सिटिझनला जे प्रकरण वकिलाच्या फीवर निभावेल, त्यात तुमचं इथलं राहणंच पणाला लागतं. म्हणून शाळेजवळची ती सूट तुम्हाला इतरांपेक्षा जास्त हवी. माझ्या मते ४० डॉलरचं सगळं मोल यात आहे. दोन, दिरांच्या व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्राच्या कायद्याने बंदी आहे. शिकारीचा चालू परवाना असणं वगैरे मोजके अपवाद आहेत. गाडी त्यांच्या हाती देताना पिस्तूल ग्लव्ह बॉक्समध्ये राहता कामा नये. घरातही तिजोरीत ठेवा, आकडा त्यांना सांगू नका.

रानवाट
आमच्याकडे सिंधुदुर्गात वडिलांच्या नावे शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, ठासणीची बंदूक. रानडुक्कर नि माकडं भाताचं काही ठेवत नाहीत. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. वडील थकलेत, परवाना माझ्या नावावर होईल का? मी ह्यूस्टनला असतो.

अण्णा_केटी
रानवाट, जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा, वेगळा धागा काढा. किनाराताई, आणखी ऐका. दुकानांच्या दारावर ‘बंदूक आत आणू नका’ अशी ३०.०५ ची (राज्याच्या दंडसंहितेतलं कलम) पाटी असते, ती बिनपरवाना लोकांसाठी. एलटीसी असलेल्याला ती लागू नाही, त्याला ३०.०६ (लपवून नेण्यास मनाई) आणि ३०.०७ (उघड नेण्यास मनाई) बघायच्या. सरकारी विद्यापीठाच्या आवारात फक्त परवानाधारक नेऊ शकतो. विमानतळावर चुकून पर्समध्ये राहिलं तर अधिकाऱ्यांनी सांगताक्षणी तपासणीतून बाहेर पडायची मुभा राज्याचा कायदा परवानाधारकाला देतो.

मोकळा_श्वास
आणि पोलिसाने ओळखपत्र मागितलं की परवानाही दाखवावा लागतो, हे कोण सांगणार?

सई_के
दाखवायचा की! लपवायचं काय आहे त्यात? न्यू मेक्सिकोत भरलेलं पिस्तूल अंगावर लपवून न्यायला परवाना लागतो, तिथे टेक्सासचा चालतो. सांता फेला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

किनारा
शाळेचं कोणीच सांगितलं नव्हतं. माझी निम्मी घरं शाळेच्या आसपासच आहेत. पैसे भरले. शनिवारी दिरांना रेंजवर बरोबर नेऊ का? तिथलीच भाड्याची बंदूक चालवतील.

पेकन
नको. भाड्याची असली तरी हातात घेणं म्हणजे बाळगणंच. ते अपवाद लागू नसतील तर त्यांना घरीच राहू दे. आणि रेंजवर नेलेली बॅग भारतात जाताना वापरू नका. कप्प्यात एक जिवंत काडतूस सापडलं तरी तिथल्या विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो.

रानवाट
वेगळा धागा काढलाय. कोकणातलं कोणी असेल तर बघा.