मदत हवी आहे: दिवाळीच्या सुट्टीआधीचे बारा दिवस, माँटेसरीचा वर्ग आणि तेवीस मुलं

नमस्कार मंडळी,

नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला एका लहान शाळेत मी माँटेसरीचा वर्ग घेते. तीन ते सहा वयाची तेवीस मुलं, मी आणि मदतीला एक मावशी. वसुबारसेपासून आम्हाला सुट्टी लागते. म्हणजे मोजून बारा दिवस उरलेत आणि या बारा दिवसांचं काय करायचं, यावर माझी झोप उडाली आहे. इथे बालवाडीत आयुष्य घालवलेले बरेच जण आहेत, आईबाबाही आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी गेल्या गुरुवारची गोष्ट सांगते, कारण प्रश्न तिथूनच सुरू झाला. पाच वर्षांचा एक मुलगा हजार मण्यांची साखळी मोजत होता. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी: सोनेरी मण्यांच्या दहा-दहाच्या शंभर काड्या एकमेकींना जोडलेल्या असतात. जमिनीवर पसरली की ती वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जाते. मूल एकेक मणी मोजत पुढे सरकतं आणि दहा, वीस, तीस अशा चिठ्ठ्या लावत जातं. एका दिवसात हे काम क्वचितच होतं. हा मुलगा दोन दिवस मोजत होता, सहाशे चाळीसपर्यंत पोचला होता. तेवढ्यात निरोप आला की दिवाळीच्या कार्यक्रमाच्या नाचाची तालीम आहे, वर्ग मोकळा करा. मी साखळी उचलली. तो रडला नाही, ओरडला नाही. ६४० ची चिठ्ठी हातात धरून उभा राहिला, मग ती माझ्याकडे देऊन रांगेत गेला. शुक्रवारी मी साखळी पुन्हा काढू का विचारलं तर मान हलवली, "नको ताई." आजपर्यंत त्याने ती मागितलेली नाही.

साखळी उचलणारे हात माझे होते, हे मला फार लागलं आहे.

आमच्या पद्धतीत सकाळचे सलग तीन तास कामाचे असतात. मूल स्वतः कपाटातून काम घेतं, चटई अंथरतं, करतं, जागच्या जागी ठेवतं. पहिला अर्धा-पाऊण तास नुसती चुळबुळ असते. खरं काम त्यानंतर लागतं, आणि ते मध्ये तुटलं की पुन्हा जुळायला वेळ लागतो. दिवाळी जवळ आली की हे तीन तास सगळ्यात आधी कापले जातात. पालकांनाही घरी काहीतरी आलेलं हवं असतं: कंदील, शुभेच्छापत्र, रंगवलेली पणती. त्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही. गुलाबी मनोरा, म्हणजे एकावर एक रचायचे वर्गातले गुलाबी ठोकळे, घरी नेऊन दाखवता येत नाही ना.

यापूर्वी मी ज्या शाळेत होते तिथे आम्ही ताईच रात्री जागून तीस कंदील करायचो. मुलांनी फक्त टिकल्या चिकटवायच्या. एका वर्षी वाटप करताना एका मुलीने विचारलं, "यातला मी केलेला कोणता?" तीसही सारखेच होते. मला दाखवता आला नाही. तेव्हाच ठरवलं होतं की असे कंदील पुन्हा करायचे नाहीत.

यंदा मुख्याध्यापक बाईंनी माझं ऐकून घेतलं. तालीम दुपारी साडेबारानंतर न्यायला त्या तयार आहेत, पण त्यांचं म्हणणं असं की मग वर्गात दिवाळी दिसली पाहिजे. मला ते पटतं. मी काही योजलंय, ते सांगते. चुकत असेन तर सांगा.

माझा विचार असा, की दिवाळीचं काम हेच जीवनव्यवहाराचं काम. ओतणं, चाळणं, पुसणं, निवडणं, वळणं हे सगळं मुलं एरवीही तबकात करतातच. मग तबकात जे असतं ते बदलायचं. रविवार कारंज्यावरून मातीच्या पाच डझन पणत्या आणायच्या आणि मुलांनी त्या भिजत घालायच्या. कोरड्या पणतीने तेल पिऊ नये म्हणून आपण ती आधी पाण्यात बुडवतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण बुडवल्यावर तिच्यातून बारीक बुडबुडे येतात आणि कान जवळ नेला तर सूं असा आवाज ऐकू येतो. आम्ही शांततेचा खेळ घेतो, त्यात मुलं हलायचंही थांबवून आजूबाजूचे आवाज ऐकतात. त्यात मी पणतीचा आवाज ठेवणार आहे.

दुसरं तबक पितळेचं. घरून एक समई, दोन निरांजनं, एक लहान तांब्या आणते. चिंच आणि मीठ वाटीत, चोळायला काथ्या, पुसायला मऊ फडकं. काळपट निरांजन उजळतं तेव्हा काम झालं की नाही हे मुलाला स्वतःलाच दिसतं, ताईने शाबासकी द्यावी लागत नाही. शिवाय आपल्या गावाला तांबट आळी आहे, तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नाशिक ओळखलं जातं. हे काम नाशिकच्या मुलांनी करावं असं मला मनापासून वाटतं.

तिसरं रांगोळीचं. लहानांना चिमटीतून तांदळाची पिठी सोडायला द्यायची. रांगोळीची पूड नको, ती नाकातोंडात जाते. पुढे पेन्सिल धरायला लागते तीच ही तीन बोटांची चिमूट. मोठ्यांना ठिपके.

आता मदत कुठे हवी ते.

फराळातलं नेमकं काय तीन ते सहाच्या मुलांना द्यावं? तेल आणि शेगडीजवळ मूल जाणार नाही, हे पक्कं. चकलीचा सोऱ्या मी पाच वर्षांच्या मुलीला देऊन पाहिला, दांडा फिरला नाही, ती हिरमुसली. प्रत्येक काम एकाच तबकात ठेवायचं की सगळ्यांना हवं म्हणून दोन-तीन संच करायचे? नियमाप्रमाणे एकच ठेवते, त्याने थांबायला शिकतात. पण हे बारा दिवसांचंच काम आहे, तेवीस मुलांची पाळी येईल का? माझ्या वर्गातल्या दोन मुलांच्या घरी दिवाळी नसते. त्यांना परकं वाटू नये, इकडे कसं लक्ष द्यावं? आणि सुट्टीनंतर मूल वर्गात परत येतं तेव्हा सगळं विसकटलेलं असतं. पालकांना सुट्टीत काय करायला सांगू? वह्या भरून आणायला मी सांगणार नाही.

आणि त्या मुलाचं काय करू?

जुनी बालवाडी:
ताई, मी बावीस वर्षं बालवाडी चालवली, आता निवृत्त आहे. आधी फराळाचं सांगते. शंकरपाळी. पोळी तुम्ही लाटून द्या, कातण मुलाच्या हातात. उभं कापायचं, मग तिरकं. चौकट जमली की समांतर रेघा आपोआप जमतात. वेलदोडे सोलणं हे तीन वर्षांच्या मुलाचं काम आहे, बोटांना वासही राहतो. साल एका वाटीत, दाणे दुसऱ्या. साडेचार वर्षांच्या पुढच्यांना छोटा खलबत्ता द्या. चिवड्याचे पोहे चाळणं, शेंगदाण्यांची सालं पाखडणं (अंगणात द्या, वर्गभर होतं). रव्याचे लाडू पाच वर्षांची मुलं छान वळतात, पण मिश्रण पूर्ण गार झाल्यावरच, आणि एक वळून नमुना समोर ठेवा. तो पाहून मूल स्वतःच ठरवतं की आपला मोठा झालाय.

संच एकच ठेवा. पण पोहे दहा दिवस राहू द्या, रोज बदलू नका. घाई झाली की आपणच तबकं बदलत राहतो आणि कुणाचंच काम पुरं होत नाही.

एक आणखी. हे माँटेसरीत बसतं का असं कुणी विचारलं तर बिनधास्त हो म्हणा. ही पद्धत काढणाऱ्या मारिया माँटेसरीबाई १९३९ मध्ये मद्रासला आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या, हे सगळे सांगतात. पण त्याआधीच गिजुभाई बधेकांनी भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर काढलं होतं, आणि ताराबाई मोडक त्यांच्याकडे जाऊन काम शिकल्या. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघांबरोबर हे शिक्षण आदिवासी पाड्यांवर नेलं. तिथे महागाच्या लाकडी पेट्या कुठून असणार? बिया, खडे, शिंपले, पानं हेच साहित्य होतं. तुमचे वेलदोडे त्याच वाटेवरचे आहेत.

सिडकोची आई:
माझी मुलगी अशाच एका वर्गात आहे, म्हणून पालकाच्या बाजूने सांगते. आम्हाला वस्तू घरी हवी असते, कारण आत काय चाललंय ते कळत नाही. तुम्ही पालकांना अर्धा तास वर्गात बसवा, गप्प, भिंतीला टेकून. मागच्या वर्षी मी माझ्या मुलीला एकटीने पाण्याचा जग दोन्ही हातांनी धरून चालताना पाहिलं. घरी मी तिला पेलाही उचलू देत नव्हते. त्यानंतर मी कंदील मागितला नाही.

सुट्टीसाठी एक चिठ्ठी द्या. त्यात एवढंच लिहा, की फराळ करताना मुलाला बाहेर खेळायला पाठवू नका, एक काम द्या आणि ते पुरं होईपर्यंत मध्ये बोलू नका. माझ्या सासूबाई मखमलाबादला असतात. त्यांनी नातीला फराळाचे डबे पुसायला बसवलं होतं. सकाळी अकरा डबे, झाकणं जुळवून.

शरणपूरकर:
दिवाळी नसलेल्या मुलांविषयी. आम्ही ख्रिस्ती. आमच्या घरी करंज्या, चकल्या, शंकरपाळी नाताळात होतात, माझी आजी अख्खी रात्र तळत बसायची. म्हणजे फराळ आम्हाला परका नाही. पूजा वर्गात नसली तर काहीच अडणार नाही. फक्त "दिवाळीत आपण सगळे असं करतो" असं म्हणू नका. "तुमच्या घरी सणाला काय करतात?" असं विचारा आणि त्या मुलाला सांगू द्या. डिसेंबरात त्याच्या आईला करंजीसाठी बोलवा.

छाटणीवाला:
ताई, मी दिंडोरीकडचा, द्राक्षबागेवाला. शाळेचं मला फार कळत नाही. पण किल्ल्याचं तुम्ही लिहिलंच नाही! मुलांना माती द्या. आमच्याकडे पोरं रामशेज करतात, तो आमच्या वाटेवरच आहे. मोगल काही वर्षं वेढा घालून बसले तरी लढून हाती लागला नाही, हे सांगितलं की पोरं तटबंदीची माती घट्ट दाबतात. मातीत अळीव पेरा. चार-पाच दिवसांत हिरवं होतं, म्हणून सुट्टीच्या आठवडाभर आधी पेरा म्हणजे मुलांना बघायला मिळेल. पाणी झारीने नको, सगळं वाहून जातं. फडकं भिजवून पिळायला सांगा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. बाई, कातणाचं आज करून पाहिलं. एक मुलगी चाळीस मिनिटं उठली नाही. शरणपूरकर, "आपण सगळे" हे शब्द मी दिवसातून दहा वेळा वापरते हे तुम्ही लिहिल्यावरच लक्षात आलं. छाटणीवाले दादा, किल्ल्यासाठी अंगणातला कोपरा मिळाला, अळीव उद्या पेरतोय. पितळेच्या तबकाबाबत एक सावधगिरी, कुणी करणार असेल तर: बोटाला चीर असेल तर चिंच-मीठ झोंबतं, आधी हात बघून घ्या. पालकांना सोमवारपासून रोज दोघांना बोलावते आहे.

पण त्या मुलाविषयी कुणीच लिहिलं नाही.

जुनी बालवाडी:
मुद्दाम लिहिलं नव्हतं, विचार करत होते. त्याला साखळीकडे वळवू नका. त्याची माफी मागा, मोठ्या माणसाची मागतो तशी, एका वाक्यात. मग त्याला ठिपक्यांची रांगोळी द्या. दहा ओळी, दहा ठिपके. पुढे काही बोलू नका.

धागाकर्ती:
पाच दिवसांनी लिहिते आहे. बाई, माफी मागितली. "तुझं काम मी मध्येच उचललं, ते चुकलं," एवढंच म्हटलं. तो म्हणाला, "तालीम होती ना." मंगळवारी अंगणातल्या फरशीवर त्याने खडूने ठिपके काढले, दहा बाय दहा. उभा राहून बघितलं, आत गेला, सोनेरी मण्यांचा शंभराचा चौकोन (दहाच्या दहा काड्या शेजारी जोडलेला) घेऊन आला आणि ठिपक्यांच्या शेजारी ठेवला. मी दारात होते, हलले नाही. मग त्याने शेजारी ठिपक्यांचा दुसरा चौकोन सुरू केला. कालपर्यंत सहा पुरे झालेत, सातव्यात चार ओळी आहेत. मोजून बघा, सहाशे चाळीस होतात.

मावशींना सांगून ठेवलंय की तेवढी फरशी झाडायची नाही. पहाटे दव पडतं, खडू पुसट होतो, म्हणून संध्याकाळी जाताना वर मेणकापड टाकून चार कडांना विटा ठेवतो. विटा तोच आणतो.

एक प्रश्न राहिलाच: फुलवात साडेतीन वर्षांच्या हाताला जमते का, की आधी लांब वातच द्यावी? कापूस उद्या आणते आहे.