४ जीबीची ८ जीबी रॅम करू की नको?

नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरा मदत करा, घरात माणसं तीन आणि मतं चार झाली आहेत.

कॉम्प्युटर २०१७ सालचा, साताऱ्यातल्या दुकानातून असेंबल करून घेतलेला. आय३-६१०० प्रोसेसर, एच११० बोर्ड, ४ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी, डीडीआर४ प्रकारची), १ टीबी हार्डडिस्क, विंडोज १०. माझं काम मराठी टायपिंग आणि प्रूफांचं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळीच्या तोंडावर एखादा अंक. गेमबिम काही नाही.

सकाळी बटण दाबून मी चहा ठेवते. चहा उकळून, गाळून, पिऊन होतो तेव्हा कुठे वर्ड उघडतं. त्यात व्हॉट्सअ‍ॅप वेब लागतंच (गिऱ्हाईक मजकूर तिथेच पाठवतं, तोही वहीच्या पानाचा वाकडा फोटो काढून). शिवाय क्रोमचे चार टॅब आणि एक पीडीएफ उघडली की माउसचा बाण जागच्या जागी थिजतो. "चि. सौ. कां." टाइप करून मान वर करावी तर स्क्रीनवर अजून नुसता "चि."

दुकानदार म्हणतो, "ताई, अजून ४ जीबी टाका, विमान होईल." पण भाव ऐकून मी फोनच ठेवला. एआयच्या डेटा सेंटरांमुळे गेल्या वर्षअखेरपासून मेमरी महागली आहे म्हणे, आणि झळ मला! भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो, "मावशी, रॅमला हात लावू नकोस, एसएसडी टाक." (म्हणजे हार्डडिस्कच्या जागी चिपवाली वेगवान डिस्क.) आमचे हे म्हणतात, "चालतंय ना? मग चालू दे."

त्रास होत असताना टास्क मॅनेजर उघडून आकडे उतरवून घेतले. मेमरी ३.० / ३.४ जीबी, डिस्क १०० टक्के, सीपीयू २५ टक्क्यांच्या आसपास. रॅमचे स्लॉट दोन, भरलेला एक. कोणाचं ऐकू?

प्रतिसाद १

आकडे दिलेत हे उत्तम केलंत, नाहीतर इथे "पीसी स्लो आहे, उपाय सांगा" एवढ्यावरच धागे निघतात.

दुकानदार आणि भाचा दोघांचंही बरोबर आहे. रॅम भरली की विंडोज तिच्यातला सध्या न लागणारा माल हार्डडिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकतं आणि लागला की परत उचलून आणतं. ओट्यावर जागा नाही म्हणून डबे माळ्यावर, आणि दर फोडणीला शिडी! रॅम वाढवलीत तर शिडी कमी वेळा लागेल. एसएसडी टाकलीत तर माळाच खाली येईल. सीपीयू २५ टक्के म्हणजे तो बिचारा मोहरीची वाट बघत उभा आहे.

दोन्हींतलं एकच परवडत असेल तर माझं मत एसएसडीला. सुरू व्हायला लागणारा वेळ रॅमने फारसा कमी होणार नाही.

प्रतिसाद २

सरळ नवीन घ्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुमचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केलीत तरी तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच.

प्रतिसाद ३

ताई, खरेदीआधी एक बघा. ४ जीबी लावलेली असताना ३.४ च का दिसतेय? सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट. तिथे "सिस्टिम टाइप"पुढे काय लिहिलंय?

धागाकर्ती

"३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर." हे वाईट आहे का?

प्रतिसाद ३

वाईट नाही, पण दुकानदाराच्या विमानाला धावपट्टीच नाही. ३२-बिट विंडोज १० ला ४ जीबीच्या वरची रॅम वापरता येत नाही आणि त्या ४ मधलाही काही भाग हार्डवेअरच्या पत्त्यांसाठी राखून ठेवावा लागतो. ८ जीबी लावली असती तरी वापरायला साधारण ३.४ च मिळाली असती. प्रोसेसर ६४-बिट आहे, फक्त विंडोज चुकीचं पडलंय. ३२ वरून ६४ वर अपडेट करून जाता येत नाही, कोरं इन्स्टॉल करावं लागतं. लायसन्स मात्र तेच चालतं, आवृत्ती (होम किंवा प्रो, जी असेल ती) तीच ठेवा.

धागाकर्ती

अगं बाई! आता आठवलं. माझं जुनं फॉन्टचं सॉफ्टवेअर डोंगलवर (कॉम्प्युटरला लावायची लायसन्सची किल्ली) चालतं, ते ६४-बिटवर चालेना म्हणून तेव्हा मीच हट्टाने हे टाकायला लावलं होतं. शेकड्याने फायली त्याच फॉन्टमध्ये आहेत, युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या मराठीत) नाहीत. दरवर्षी तेच अहवाल फक्त आकडे बदलायला परत येतात.

प्रतिसाद ३

मग जुन्या हार्डडिस्कला हात लावू नका. नवी एसएसडी जोडा आणि ६४-बिट विंडोज तिच्यावर टाका. इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, म्हणजे चुकून तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. नंतर केबल परत लावा. डोंगलचं काम निघालं की सुरू करताना बूट मेनूतून (कोणत्या डिस्कवरून सुरू करायचं ती यादी) जुनी डिस्क निवडायची. तरी महत्त्वाच्या फायलींची एक प्रत पेनड्राइव्हवर हवीच, डिस्क २०१७ ची आहे.

धागाकर्ती (दोन आठवड्यांनी)

भाच्याने रविवारी येऊन २५६ जीबीची साटा एसएसडी बसवली. आता चहाचं आधण यायच्या आत वर्ड उघडलेलं असतं. गंमत म्हणजे ६४-बिट विंडोजमुळे रॅम न घेताच थोडी वाढली, आता ३.९ जीबी वापरता येते! मात्र पीडीएफ आणि क्रोम एकत्र उघडले की मेमरी अजून नव्वद टक्क्यांवर जातेच. बाण थिजत नाही, नुसता अडखळतो.

म्हणजे रिकाम्या स्लॉटात ४ जीबी हवीच, पण नवी घ्यायची नाही. भाचा मोठ्या ऐटीत स्वतःच्या लॅपटॉपमधून काढलेली घेऊन आला होता. स्लॉटवर धरून बघितली तर लांबीला निम्मीच! लॅपटॉपची पट्टी वेगळी असते हे दोघांनाही तेव्हाच कळलं. कोणाकडे डेस्कटॉपची डीडीआर४, ४ जीबी, लांब पट्टी पडून असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. सातारा-कराड पट्ट्यात असेल तर मीच येऊन घेऊन जाईन.