हळदीला झोन नाही, आमसुलाला एवढा मोठा कसा?

पेट्रीप्लेट:
एमएस्सी मायक्रोचं प्रोजेक्ट चालूए, वेल डिफ्युजन लावलंय (जंतू पसरलेल्या अगारच्या जेलीत भोकं, म्हणजे वेल, पाडून त्यात अर्क भरायचा; भोवती जंतू न वाढलेली मोकळी जागा म्हणजे झोन). हळदीचा मिथेनॉल अर्क (वाळवून डीएमएसओ या द्रावकात घेतलाय) आणि आमसुलाचा पाण्यातला, स्टॅफ ऑरियस आणि ई. कोलाय या जंतूंवर. आमसुलाला दोन्हीकडे मस्त झोन आणि हळदीला काहीच नाही, वेलभोवती नुसती पिवळी कड. गाईड म्हणतात आलं ते लिही, पण व्हायवाला विचारलं तर काय सांगू??

जुना_लॅबवाला:
ती पिवळी कडच बघ की. करक्युमिन (हळदीतला पिवळा घटक) पाण्यात जवळपास विरघळतच नाही, मग अगारमधून सरकणार कसं, वेलपाशीच अडकतं. ब्रॉथमध्ये (पातळ माध्यमात) एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण, काढ, ९६ खळग्यांची प्लेट घेऊन. हळदीच्या रंगात गढूळपणा डोळ्यांना कळणार नाही म्हणून रेझाझुरिन हा निळा रंग टाक, गुलाबी झालं की जंतू जिवंत, निळं राहिलं तर वाढ नाही (पिवळ्यात निळं हिरवट दिसेल, घाबरू नको). तुलनेला नुसत्या डीएमएसओचा कंट्रोल हवाच. ई. कोलायकडून फार अपेक्षा ठेवू नको, त्याला बाहेरचं जास्तीचं आवरण असतं.

कोकणातली:
मला आमसुलाचाच संशय येतोय. पीएच बघितलास का? कोकमात हायड्रॉक्सिसायट्रिक ॲसिड भरपूर, झोन नुसत्या आंबटपणाचाही असू शकतो. त्यात बाजारचं आमसूल म्हणजे मीठ आलंच, सालं खारवलेल्या रसात बुडवून बुडवून वाळवतात. स्टॅफला मिठाचं काही नाही, मॅनिटॉल सॉल्ट अगारमध्ये ७.५ टक्के मीठ असतं तरी मजेत वाढतो, ई. कोलाय तेवढं सोसत नाही. शेजारच्या वेलमध्ये तेवढ्याच पीएचचं सायट्रिक ॲसिड लाव. आणि थोडा अर्क न्यूट्रल करूनही लावून बघ, लाल रंग जाईल पण ते अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे, अर्क बिघडला म्हणून फेकू नको.

सोलकढीप्रेमी:
म्हणजे सोलकढीत अँटिऑक्सिडंट असतात ते खोटं का 😟

जुना_लॅबवाला:
खोटं नाही हो, पण अँटिऑक्सिडंट मोजायची डीपीपीएच टेस्ट म्हणजे जांभळा रंग किती उतरला ते ५१७ नॅनोमीटरला बघायचं, बास. टेस्टट्यूबमधलं ते, पोटात गेल्यावर रक्तात किती पोचतं हा वेगळाच विषय. करक्युमिन तर फारच थोडं पोचतं.

पेट्रीप्लेट:
पीएच पेपर आत्ताच लावला, लालभडक! उद्याच सायट्रिकवाली प्लेट लावते. बिनमिठाची सालं मिळतील का कुठे?

कोकणातली:
अगं अर्कच लाल, त्यात पेपर काय सांगणार, मीटर वापर. बिनमिठाच्या सालांचं म्हणशील तर रातांबे (कोकमाची फळं) एप्रिल-मेत येतात, तेव्हा फोडून स्वतःच वाळव.