गच्चीवर १२ किलोवॅट सोलर, खाली सहा ईव्ही: हिशोब जमतो का?

कोथरूडकर: ४० फ्लॅटची सोसायटी. लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि ५ एचपीचा पंप मिळून कॉमन मीटरवर महिन्याला १,४०० युनिट. आता सहा जण इलेक्ट्रिक गाड्या घेताहेत. १२ किलोवॅटमध्ये सगळं भागेल आणि कार्बनही वाचेल, असं व्हेंडर म्हणतो. खरं का?

वॅटमीटर: गाड्या सोडून खरं. पुण्यात १ किलोवॅटमागे वर्षाची सरासरी दिवसाला ४ युनिट धरा, म्हणजे महिन्याला १,४४०. भर पावसाळ्यात निम्म्यावर येतं. रोज ३० किमी पळणारी गाडी साधारण ५ युनिट खाते. सहा गाड्यांचे झाले महिन्याला ९००. ते कुठून आणणार?

कार्बनचं म्हणाल तर नेट मीटरिंगने, म्हणजे ग्रिडला (सार्वजनिक वीजजाळ्याला) दिलेले युनिट घेतलेल्या युनिटांतून वजा करून, वजावट बिलात होते; हवेत तेवढीच होईल असं नाही. दुपारची तुमची वीज ग्रिडमध्ये गेली. रात्री नऊला गाडीत भरते ती बहुतांश कोळशाची. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणून आधी पंपाला टायमर लावा, पहाटेऐवजी अकराला चालवा. ऑफिसला जाणाऱ्या गाड्या शनिवार-रविवार १० ते ४ चार्जिंगला लावा: ३.३ किलोवॅटने दोन दिवसांत ३९ युनिट, आठवडा निघतो.

तारवाला: सहाही एकदम लावल्या तर २० किलोवॅट. मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने कनेक्शनला दिलेली किलोवॅटची मर्यादा, आधी तपासा. सोलरही त्याहून जास्त बसवता येत नाही. भार वाटून देणारा चार्जर घ्या, नाहीतर पाळ्या लावा. पार्किंगमधल्या जुन्या १६ अँपिअर सॉकेटवर अजिबात नको. तासन्‌तास १४ अँपिअर वाहिले की सैल स्क्रूपाशी प्लग वितळतो. प्रत्येक गाडीला मीटरपासून वेगळी ४ चौ. मिमी तांब्याची वायर आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ (वीज गळली किंवा भार वाढला की तोडणारा स्विच).

वॅटमीटर: आणि पॅनल टाकीच्या दक्षिणेला. ३ मीटर उंच टाकीची सावली डिसेंबरात सकाळी नऊला ५ मीटरच्या पुढे जाते, आणि एका पॅनलवर पडली तरी अख्ख्या स्ट्रिंगला, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनलच्या माळेला, फटका बसतो.

कोथरूडकर: लाइट गेल्यावर लिफ्ट चालेल ना?

तारवाला: नाही. ग्रिड गेलं की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर (सोलरची वीज ग्रिडला जोडणारं यंत्र) स्वतःहून बंद होतो, खांबावरच्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. जनरेटर विकू नका. पीएम सूर्यघर या केंद्राच्या सोलर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापराला, ईव्ही चार्जिंगसकट, किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. व्हेंडरच्या कोटेशनमध्ये ते आधीच वजा केलंय का, बघा.